सराच्या आवाजात अकोल्याले फोन

नवीन वर्ष अन् पोट्ट्यायचं मन, एवढं म्हणलं का तुमी सरसावून बसता, मले माईत हाय. आता हा सांगन, सकाऊन कोमट पाणी प्या, डायरी लिहा, मायबापाशी मोकळं बोला. मंग एखांदं रडकं पोट्टं दाखवन, शेवटाले ते हासन, अन् तुमी डोये पुसून चार जणाले मोबाईलवर पुढं ढकलसान. नाही भेटत बाप्पा तसं काही. मी नकला करणारा माणूस. शाळेपासून मले दोनच गोष्टी जमल्या, दुसऱ्याचा आवाज काढणं अन् त्याच्यापायी मार खाणं. या गोष्टीतबी तेच हाय. डायरी कोणीच लिहित नाही.

मी चांदूर बाजारचा. बारावी झाल्यावर बापानं अमरावतीले, राजापेठेत, डॉक्टरकीच्या क्लासले टाकलं. खोलीत दोन खाटा. एकीवर मी, दुसरीवर अकोल्याचा एक पोट्टा. नाव कोणाचंच सांगत नाही, रूममेट म्हणून चालवून घ्या.

क्लासचे मालक म्हणजे सर. मूळचे आमच्याच तालुक्यातले, पण माइक हाती आला का पुण्याचे होतात. दर वाक्याच्या आंदी "लक्षात घ्या", दर वाक्याच्या शेवटी घसा खाकरणं. त्यायची नकल मी अशी काढो का संडासात गेलेलं पोट्टं अर्ध्यातून बाहेर ये.

क्लासात एक रीत होती. रविवारी टेस्ट, अन् सोमवारी मार्कानुसार जागा. पहिला येईन तो पंख्याखाली, शेवटचा येईन तो दाराजोळ, जिथं सगळ्यायच्या चपला. रूममेट जूनमंदी दुसऱ्या बाकावर होता. दिवाळीनंतर सातव्या. डिसेंबरात माह्या बाजूले, चपलांजोळ. मी तठी पहिल्यापासूनच होतो, मले त्याचं काही वाटे नाही. त्याले वाटे.

दर रविवारी त्याच्या बापाचा अकोल्याहून फोन ये. बाप सरकारी हापिसात. फोनवर एकच शब्द: "किती?" हा मार्क सांगे. तिकडून "बरं" अन् फोन बंद. तब्येत कशी, जेवला का, काहीच नाही. मी त्याच्या बापाची नकल काढो. गमछा खांद्यावर टाकून, भुवया वर करून, "किती?" पहिल्या खेपेले रूममेट पोट धरून हासला. डिसेंबरात हासला नाही. डबा उघडे नाही, तसाच वापस जाये. आंघोय तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पुस्तक उघडून एकाच पानाकडे पाहत राहे. मी आणखी जोर लावून नकल करो, आणखी तो नाही हासे, अन् मले त्याचाच राग ये. म्हणलं, लेका, एवढी मेहनत करून राहिलो तुह्यासाठी, दात तं दाखव.

एक जानेवारीले सरानं मोठा कार्यक्रम ठेवला. 'तणावमुक्त नववर्ष'. सगळ्या बॅचा एका हॉलात कोंबल्या. नागपूरहून एक कोटवाला माणूस आणला. त्यानं सगळ्याले एकेक फुगा अन् स्केचपेन वाटलं. म्हणे, "आपलं टेन्शन फुग्यावर लिहायचं. मी एक, दोन, तीन म्हटलं की फोडायचं. टेन्शन गेलं!" एवढ्यासाठी माणूस नागपूरहून आल्ता.

मी माह्या फुग्यावर 'सर' लिहिलं. रूममेटनं लिहिलं, 'माह्याच्यानं आता होत नाही.'

एक, दोन, तीन. हॉलभर फटाके फुटल्यासारखं झालं. रूममेटनं फोडला नाही. हातात धरून बसला. सर फिरत फिरत आले, त्याच्या हातातून फुगा घेतला, स्टेजवर गेले अन् माइकवर वाचला.

"लक्षात घ्या. इथे एकानं लिहिलंय, होत नाही. होत नाही म्हणजे काय? होतं! सगळ्यांनी म्हणा, होतं!"

"होतंऽऽ!"

"आवाज नाही आला!"

"होतंऽऽऽ!"

सरानं पेन टोचून फुगा फोडला. कोटवाल्यानं टाळ्या वाजवल्या. अन् खरं सांगतो, मीबी ओरडलो होतो. तेबी सराच्या आवाजात, आजूबाजूचे हासावे म्हणून. हासले. रूममेट आपल्या रिकाम्या हाताकडे पाहून राहिला होता.

संध्याकाई खोलीवर आलो तं त्यानं आपलं स्वेटर काढून माह्या खाटेवर टाकलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

"हे तू घाल. कंपासबी घे. हे घड्याळ घे."

"काहून बे? तुहा वाढदिवस हाय का माहा?"

"मले नाही लागत आता."

"तुले का झालं?"

"आपण नसलो तं कोणाचं अडते का बे?"

"तुह्या बापाचं अडन. किती, कोणाले विचारन तो?"

तो नाही हासला अन् नाही चिडला. नुसतं "हाव" म्हणला. नकल करणाऱ्याले आवाज समजते. त्याच्या त्या 'हाव'मधी काहीच नव्हतं, राग नाही, रडणं नाही. मी म्हणलं, बापाले फोन लाव. तो म्हणे, "दोन खेपा लावला. म्हणते, आमाले का अभ्यासात मजा वाटे का. सर म्हणतीन तं घरी ये."

म्हणून मी सराकडे गेलो. खरंच गेलो, पहिले सिधाच गेलो. म्हणलं, सर, तो पोट्टा बरा नाही, त्याच्या घरी कळवा. सर कोटवाल्यासंगं नाश्ता करून राहिले होते.

"तू सांगतो मला? शेवटच्या बाकावरचा जोकर? लक्षात घ्या, जानेवारीत सगळ्यांचं असंच होतं. आणि घरी गेलेला विद्यार्थी परत येत नाही. जा."

कोटवाला मान डोलवत चिवडा खाऊन राहिला होता. टेन्शन घालवणारा माणूस!

मी सिधा खानावळवाल्या मावशीकडे गेलो. तिचा फोन मांगला, कारण माहा नंबर त्याच्या बापाजोळ होता. भांड्यायच्या मोरीमागं उभा राहिलो, घसा खाकरला अन् लावला.

"नमस्कार. लक्षात घ्या, मी सर बोलतोय, अमरावतीहून."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणूस उभा राहिला असन.

"नमस्कार सर, नमस्कार! का चुकलं त्याचं? मारा सर त्याले. माह्याकडून मोकळीक हाय तुमाले."

"मारायचं नाही. घरी न्यायचं. उद्याच या. त्याच्या मनाची तब्येत बरी नाही. त्याला एकटं ठेवू नका आणि मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

"सर, आमच्या घरात तसं नाही हो कोणी."

"तसं म्हणजे?"

"येडंगिडं."

"अबे तो येडा नाही, थकला हाय तो!" माह्या तोंडून निघूनच गेलं. मंग जोरात खाकरलो. "लक्षात घ्या."

मले वाटलं, गेलं आता. पण तो म्हणे, "सर, पण रविवारी टेस्ट हाय नं?"

"टेस्ट गेली खड्ड्यात."

"हाव सर."

हाव सर! पोट्ट्यानं दोन खेपा फोन केला तं त्याले झापलं, अन् सरानं टेस्ट खड्ड्यात घातली तं हाव सर. काहून म्हणून एक शब्द नाही. मले त्या माणसाचा असा राग आला का फोन मोरीत फेकून द्यावा. मावशीचा होता म्हणून नाही फेकला.

तठून पुढं मी रूममेटले सोडलं नाही. तो संडासात गेला तं दाराबाहेर गाणे म्हणत उभा. तो "जा नं बे" म्हणे, मी जाओ नाही.

आता माही चूक आयका. मले वाटलं बाप खोलीवर येईन, पोट्ट्याले घेईन अन् अकोल्याची गाडी पकडन. पण आमच्या वऱ्हाडात बाप पहिले पोट्ट्याले भेटत नाही, पहिले मास्तराले भेटते. तेबी रिकाम्या हातानं नाही. सकाऊन दहा वाजता तो माणूस संत्र्याची पिशवी घेऊन सराच्या केबिनीत हजर. अकोल्याहून संत्र्यायच्या अमरावतीले संत्रे!

"सर, तुमचे लय उपकार. सोता फोन केला तुमी."

"कोणता फोन?"

बापानं नंबर दाखवला. सरानं तो फिरवला. तिकडून मावशी म्हणे, "बोला, डबा एक का दोन?" सर हुशार माणूस. त्यायनं शिपायाले सांगतलं, त्या जोकराले बोलव, अन् त्याच्या रूममेटलेबी.

आमी दोघं आत जाऊन उभे राहिलो. माइक नव्हता, म्हणून सर आपल्या असली बोलीवर आले.

"तूच केला काबे फोन?"

"हाव सर."

"माह्या आवाजात?"

"हाव."

"काढून दाखव."

काढला. "लक्षात घ्या, मी सर बोलतोय." बाप एकदा माह्या तोंडाकडे पाहे, एकदा सराच्या. त्याचं तोंड कोणीतरी भर रस्त्यात धोतर ओढल्यासारखं झालं होतं.

"पाहा," सर म्हणे, "चेष्टा केली तुमची. तुमच्या पोराले काही नाही झालं. थोडा आळस हाय. रविवारी टेस्ट हाय. तुमी निवांत जा."

अन् तो माणूस उठला. माय शप्पथ, उठला! "तुमी म्हणता तं ठीक हाय सर." पोट्ट्याकडे पाहून म्हणे, "अभ्यास कर."

"बाबा, मले ने," रूममेट म्हणला. एवढंच.

बापानं सराकडे पाह्यलं. पोट्टं बोलून राहिलं अन् बाप सराकडे पाहून राहिला. मी काही तरी लय वाईट बोलणार होतो, तेवढ्यात त्याची नजर माह्या अंगावर आली.

"हे स्वेटर तुह्या अंगात काहून? हे त्याच्या मायनं इणलं हाय."

"त्यानं देल्लं."

"अन् तो का घालन?"

"तो म्हणते मले लागत नाही. घड्याळ देल्लं, कंपास देल्ली. सगळंच देऊन राहिला तो, काका. म्हणते, आपण नसलो तं कोणाचं अडते."

सरानं टेबलावरचा पेपर सारखा केला. मंग बापानं पोट्ट्याच्या मनगटाले धरलं, नर्सरीतल्या लेकराले धरतात तसं.

"सर, आमी निघतो."

"जागा जाईन त्याची."

"जाऊ द्या."

दाराजोळ जाऊन तो वापस फिरला. मले वाटलं पाया पडतो का काय. त्यानं संत्र्याची पिशवी उचलली अन् गेला.

मंग माहा नंबर. सरानं मले सगळ्या बॅचांसमोर, माइकवर, अर्धा तास धुतलं. मी क्लासाची इज्जत घालवली, मी गुन्हेगार हाव, मी कधी डॉक्टर होणार नाही. तिसरं खरं होतं. माहा बाप चांदूर बाजारहून आला, त्यानं सराची माफी मांगतली अन् मले जिन्यात दोन ठेवून देल्ल्या. मायनं फोनवर रडून घेतलं. मले कोणाचंच लागलं नाही. मी सगळ्यायच्या नकला पाठ करून घेतल्या.

जानेवारीच्या शेवटाले अकोल्याले गेलो त्याले भेटाले. दर आठवड्याले डॉक्टरकडे नेतात म्हणे, गोया चालू हायेत, लय टाइम लागन असं डॉक्टरनं सांगतलं. तोंड सुजल्यासारखं, झोप लय. मी सराची नकल काढली. हासला नाही, पण "गप बे" म्हणला. डिसेंबरात तेबी नाही म्हणे. बाप माह्याशी बोलला नाही, हापिसात निघून गेला. मायनं मले स्वयंपाकघरात बसवलं, गरम भाकर वाढली. मले वाटलं आता शाबासकी येते. मी मान खाली घालून लाजल्यासारखं करून बसलो.

"तुले कधी समजलं तो जेवत नाही म्हणून?"

"डिसेंबरात, काकू."

"डिसेंबरात कधी?"

"सुरुवातीले."

तिनं उलथनं खाली ठेवलं.

"म्हणजे महिना झाला. डबा वापस जाये ते तू पाहे. आंघोय नाही करे ते पाहे. अन् तू का करे?"

"नकला."

"कोणाच्या?"

"काकाच्या. किती म्हणून."

"माह्या पोराले त्याच्याच बापाचा आवाज काढून दाखवे तू?"

"मले वाटलं हासला का बरं वाटन."

"हासला का?"

"नाही."

"मंग दुसऱ्या दिवशी काहून केली? तिसऱ्या दिवशी काहून केली? त्याच्या बापाले सराच्या आवाजात फोन करता येते, अन् मले सोताच्या तोंडानं एक फोन नाही करता आला तुले? बाप नसता आयकला, माईत हाय मले, मी वीस वर्षं राहून राहिली त्याच्यासंगं. पण मी होती नं! पहिल्या दिवशी सांगतलं असतं तं मी पहिल्या गाडीनं आली असती, सर का म्हणते ते इचारलंबी नसतं. तू नाही फोन केला. त्यानं नाही केला. तुह्या सरानं तं नाहीच नाही. ज्याले त्याले बापच दिसते, माय का मेली होती का घरात? खाली का पाहतं? वर पाह्य. अन् आवाज नोको काढू कोणाचा, मी बोलून राहिली तुह्याशी."