जॅकचे कान आणि पाटलांची बंदूक

कुत्रा पाळला की घरात केस साठतात आणि लोकांचे सल्लेही साठतात. केस आम्ही झाडून टाकले. सल्ले मी रोज डायरीत लिहिले. परवा ती पानं चाळली आणि राग जसाच्या तसा वर आला.

कामरगावात मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होतो. आमचे मॅनेजर बदलून मुंबईला गेले आणि त्यांचा स्पॅनियल जातीचा कुत्रा जॅक माझ्याकडे ठेवून गेले. लांब लोंबते कान, तपकिरी डोळे आणि सोबत सूचनांचा एक कागद. कान दर आठवड्याला पुसावेत. कुत्रा शिकारीचा आहे, पण तोंड मऊ आहे. उचललेल्या वस्तूला दात लावत नाही.

तो कागद मी गावात वाचून दाखवला. चूक केली.

*

जेवताना जॅकचे कान ताटलीत पडायचे. म्हणून बायको ते फडक्याने डोक्यावर बांधायची. दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी हे पाहिलं. "रोज बांधता कायले, बाबू? कापून टाकू ना."

मला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी गृहस्थ कात्री उकळून घेऊन आले! आमच्या घरून चहा न घेता परत गेलेला तो एकच माणूस.

*

जॅक फिरून आला की कानांत सगळं गाव अडकलेलं असायचं. मी ओट्यावर बसून, खोबरेल लावून एकेक काढायचो आणि लिहून ठेवायचो. एका शनिवारची नोंद: गोखरूचे काटे एकतीस, कापसाचे पुंजके चार, कोंबडीचं पीस एक.

येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "बाबू पोरीची येणी घालून राह्यला." मी मान वर करत नसे. जॅक मात्र त्यांनाही शेपूट हलवायचा, याचा मला जास्त राग यायचा.

*

गावच्या पाटलांना जॅकचा गरीब स्वभाव खपत नव्हता. एकदा त्यांनी गड्याकरवी त्याला भाकरीत मिरचीचा ठेचा कालवून घातला. त्याने कुत्रं तिखट होतं म्हणे. जॅक दोन दिवस पाण्याच्या बादलीपाशी पडून होता.

मी जाब विचारायला गेलो. पाटील शांतपणे म्हणाले, "मंग झालं का तिखट?"

त्या दिवशीची डायरीची दोन पानं मी इथे उतरवत नाही.

*

पुढे पाटील स्वतःच त्याला तितरांच्या शिकारीला मागायला आले. मी सोबत गेलो. पाटलांनी बार काढला, जॅक झुडपात शिरला आणि तित्तर अलगद तोंडात धरून आला. पाटलांनी मोठ्या ऐटीत ते हातात घेतलं. तित्तर पंख फडफडवत उडून गेलं. त्याला छर्रा लागलाच नव्हता!

पाटील म्हणाले, "बाबू, तुहं कुत्रं तितरांचं सोयरं हाये." ही गोष्ट आठवडी बाजारात पोचली. पाटलांनी ती जॅकच्या नावावर लिहून ठेवली असावी.

*

महिन्याभरात पाटलांच्या तीन कोंबड्या गेल्या. जॅकच्या कानात पीस सापडलं, एवढा पुरावा पुरला. पाटलांनी सगळ्यांना जिनिंगच्या आवारात बोलावलं. स्वतः खुर्चीवर बसले, पांढरं धोतर, मांडीवर भरलेली बंदूक. त्या कानांत काय वाट्टेल ते अडकतं हे पटवायला मी शनिवारची नोंद वाचून दाखवली. गोखरूंवर लोक हसले.

"कोंबडी खाल्लेलं कुत्रं सुधरत नाही," पाटील म्हणाले. "बाजूले व्हा, बाबू."

मी बाजूला झालो नाही. मॅनेजरांच्या कागदावर विसंबून बायकोला घरातून अंडं आणायला सांगितलं. असं मी आधी कधीच करून पाहिलं नव्हतं. फुटलं असतं, तर जॅकचा गुन्हा मीच शाबीत केला असता. अंडं जॅकच्या तोंडात दिलं आणि पाटलांकडे बोट केलं.

जॅक आवार ओलांडून गेला. घाई नाही. पाटलांनी नकळत हात पुढे केला आणि जॅकने अंडं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. कुठे चरा नाही.

मग कंपाउंडर हळूच म्हणाले, "पाटील, दात लागला नाही."

"कसा लागन?" पाटील भडकले. "उकडेल अंडं देल्लं यानं. मले येडा समजते काय?"

आणि त्यांनी ते स्वतःच्या गुडघ्यावर जोरात आपटलं.

बंदूक गड्याच्या हातात देऊन पाटील उठेपर्यंत जॅकने त्यांचं अर्धं धोतर चाटून साफ केलं होतं.