सासऱ्यांमागून चार बंदरं

उत्तर युरोपातली चार बंदरं माझ्या सासऱ्यांइतकी मनापासून पायाखाली घालणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि त्यांच्या मागून माझ्याइतका मनाविरुद्ध फरफटलेला जावईही झाला नसेल. मामाजी अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस पारखायचे. रुईचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते पाहायचं आणि माल कसा आहे ते गाडीवाल्याच्या तोंडावर सांगून टाकायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. अशा माणसाचं युरोपात काय काम, असं कोणीही विचारील. काम होतं, पण त्यांचं नव्हे, माझं होतं.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, शिकायला म्हणून इंग्लंडला गेला, तिथून नॉर्वेतल्या बर्गन गावी बोटींच्या कारखान्यात इंजिनीयर झाला आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला. घरी पत्र आलं ते लग्नानंतर. मामाजींनी त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं. तीन वर्षं एका पत्राला उत्तर नाही. शेवटी पोरानेच मामाजींची आणि माझी जाण्यायेण्याची तिकिटं पाठवली. लंडनपासून पुढची बोट हॅम्बुर्ग, कोपनहेगन, ऑस्लो करत बर्गनला एक दिवस थांबणारी होती. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मामाजी म्हणाले, "तिकिटं वाया जाऊ देत नाई मी. पन त्याच्या घराची पायरी चढनार नाई." बाप-लेकाची गाठ घालून देण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडली. मी शाळेत भूमिती शिकवणारा माणूस. दोन समांतर रेषा कधी भेटत नाहीत हे पोरांना सांगण्यात माझी हयात चाललेली.

बोट बंदराला लागली की बाकीचे प्रवासी गाइडच्या मोटारीत बसून राजवाडे पाहायला जात. मामाजी धोतर, काळा कोट आणि टोपी अशा थाटात त्या मोटारीकडे ढुंकूनही न पाहता गावच्या साध्या बसकडे निघत. "जवाईबापू, गाव पाहाचं असन त शेवटच्या थांब्यापासून पाहा," ते म्हणत. "बंदरावर समदं मांडून ठेवलेलं रायते. गाडीतला चांगला कापूस वरतं ठेवते ना, तसं." पाटी वाचता येत नसल्यामुळे कोणतीही बस त्यांना चालायची. जिथे कंडक्टर हाताने 'उतरा' म्हणेल तिथे उतरायचं आणि बोटीचं धुराडं ज्या दिशेला असेल तिकडे चालत सुटायचं. धुराडं दिसत नसलं तरी चालत सुटायचं.

जावयाचा मान मात्र त्यांनी परमुलखातही तसूभर कमी होऊ दिला नाही. बसमध्ये खिडकीची जागा माझी. डब्यातली पहिली दशमी माझी. माझी छत्रीसुद्धा ते मला धरू देत नसत. हॅम्बुर्गला पाचव्या मैलावर मी धीर करून म्हणालो, "मामाजी, बूट फार लागताहेत." ते कळवळले. रस्त्याच्या कडेला बसवून त्यांनी माझे बूट काढले, जावयाला ओझं नको म्हणून स्वतःच्या हातात घेतले आणि मला पुढचे दोन मैल मोज्यांवर चालवलं. वाटेत भेटणाऱ्या जर्मनांना ते बूट हातात धरूनच रामराम करत होते.

कोपनहेगनच्या बसमध्ये शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचा लोकरी स्वेटर पाहून मामाजींचे अंगठे शिवशिवले असावेत. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी बाईंच्या बाहीवरची लोकर चिमटीत धरून ओढलीसुद्धा. "आखूड हाय, पन मऊ हाय," त्यांनी बाईंना निकाल दिला. आता पोलीस येणार म्हणून मी इंग्रजीत माफी मागायला लागलो, तर बाईंनी मामाजींच्या धोतराचा काठ बोटांत धरून चांगला चोळून पाहिला आणि पसंतीची मान हलवली. दोघं शेवटच्या थांब्यापर्यंत आपापल्या भाषेत बोलत होते. माझ्याशी कोणी बोललं नाही.

ऑस्लोत तर त्यांनी एका घराचं फाटक उघडून सरळ ओट्यावर बैठक मारली आणि "बाई, पानी दे वं" म्हणून हाक दिली. आपल्याकडे वाटसरूने हाक दिली तर पाण्यासोबत गुळाचा खडाही येतो, मग इथे काय वाघ खातो, असं त्यांचं म्हणणं. घरातली बाई आधी दचकली, मग दूध घेऊन आली. ते पीत असताना मामाजी दारातून आत पाहत राहिले. चूल, खुंटीवरचे पोरांचे कोट, कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे आजोबा. "मानसं बरी दिसते इकडची. नाई?" त्यांनी मला विचारलं. "मला काय ठाऊक!" मी पायाचे फोड मोजत म्हणालो. तो प्रश्न ते मला दर गावी विचारत होते, आणि मी दर गावी असाच खेकसत होतो. कशासाठी विचारतात हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

बर्गनला पाऊस होता. धक्क्यावर मेहुणा उभा होता आणि शेजारी त्याची बायको, चांगली उंचीपुरी. मामाजी त्यांच्यापासून दोन हातांवरून गेले आणि बसमध्ये चढले. मी लुगड्याचं पुडकं सावरत मागे धावलो. ते सासूबाईंनी सुनेसाठी लपवून दिलं होतं. ती दोघंही चढली आणि आमच्या मागे बसली. शेवटच्या थांब्यावर चौघंही उतरलो. मग डोंगरउतारावरून आमची वरात निघाली. पुढे सासरे, मध्ये मी, मागे ती दोघं. तिकीट वाया गेलं, सासूबाईंना काय तोंड दाखवू, या विचाराने मला रडू यायचं बाकी होतं.

अचानक ती मुलगी मला ओलांडून पुढे गेली आणि मामाजींच्या बरोबरीने चालू लागली. त्यांनी वेग वाढवला. तिनेही वाढवला. दोन फर्लांग हा प्रकार चालला. शेवटी मामाजी धापा टाकत थांबले, तेव्हा तिने आपली छत्री त्यांच्यावर धरली.

"चालते बरी," मामाजी म्हणाले. "कोनाची पोर हाय?"

"मासे धरनाऱ्याची, बाबा," मागून मेहुणा म्हणाला.

"तुले नाई इचारलं मी."

तीन वर्षांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं. सूनबाईंनी मग घोकून ठेवलेलं एकच वाक्य अडखळत म्हटलं, "घरी चाला, बाबा."

मामाजींनी खाली धुराड्याकडे पाहिलं. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. "कोनती बस जाते तुह्या घरी?" त्यांनी पोराला विचारलं.

"बस नाई जात, बाबा. पायीच जा लागते."

"मंग उभा काहून हायेस?"

त्या घरात आम्ही तासभर होतो. लुगडं खांद्यावर टाकून सूनबाई घरभर फिरत होत्या आणि मामाजी नुसते पाहत होते. बोटीची वेळ झाली म्हणून मी उठलो, तर म्हणाले, "घडीभर बसा ना, जवाईबापू. पाय दुखून रायले माहे."

एवढ्या वाटचालीत त्यांनी ही तक्रार प्रथमच केली. पण मी घड्याळ दाखवलं आणि जावयाचा शब्द मोडायचा नाही म्हणून ते मुकाट्याने उठले. पुन्हा त्यांचं तिकडे जाणं झालं नाही, आणि आता व्हायचंही नाही. त्या घरातून त्यांना मी उठवलं, याचा मला अजूनही माझाच राग येतो.