जरा म्हणजे किती

कामाला लागून आठवडा होत नाही तोच तिचं नाव पडलं, कितीबाई. ठेवलं रंगमास्तरांनी. तीस वर्षं ते त्या छोट्या कारखान्यात रंगाच्या छटा जुळवत होते. गिऱ्हाईक भिंतीचा टवका आणून द्यायचं आणि मास्तर पांढऱ्या रंगात एकेक रंग ओतत, ढवळत, तीच छटा उभी करायचे. शिकवायची वेळ आली की म्हणायचे, "जरा निळा टाक."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा."

"म्हणजे किती?"

"अगं, तू मदतनीस आहेस की फौजदार?"

ती थट्टा करत नव्हती. 'उलट बोलते', 'शिष्ट आहे' अशा शेऱ्यांसकट तिच्या चार नोकऱ्या गेल्या होत्या. सव्विसाव्या वर्षी डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला, आणि पाचव्या अर्जात तो तिने स्वतःच लिहून टाकला. मालकीणबाईंनी तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं.

दुसऱ्याच आठवड्यात घोटाळा झाला. डबे गदगदा हलवणाऱ्या यंत्रापाशी तिला उभं करून मास्तर म्हणाले, "लक्ष ठेव, मी आलोच," आणि जेवायला गेले. तिथून बँकेत. दोन तासांनी येऊन बघतात तो ती तिथेच उभी, उपाशी, कानांवर तळवे दाबून.

"अगं, जेवायचं नाही का?"

"तुम्ही आलोच म्हणालात. आणि गेलात."

मालकीणबाईंना आधी हसू फुटलं. मग हसू आवरून त्यांनी तिला समोर बसवलं. "तुला नीट काम करायला काय काय लागेल ते सांग. भीड ठेवू नकोस."

तिने सांगितलं. यंत्रापासून लांब, मागच्या खिडकीशी टेबल. कान झाकायला जाड कानटोप. काम चिठ्ठीवर लिहून हवं. पाठीमागून खांद्यावर हात नको. आणि दारावर पुठ्ठ्याचं घड्याळ. बाहेर जाणाऱ्याने परत यायच्या वेळेवर काटा लावायचा.

"आता शाळाच काढा," मास्तर म्हणाले. "घंटा मी वाजवतो." पण काटा लावू लागले. महिन्याभरात ट्रकवालासुद्धा चहाला जाताना काटा फिरवायला लागला. कोण कुठे तडफडलं ही रोजची बोंब बंद झाली.

राहिला 'जरा'. मालकीणबाईंनी तिच्या टेबलावर वजनकाटा आणून ठेवला. "त्यांना बोलू दे. तू तोल."

तेव्हापासून मास्तरांनी ओतायच्या आधी आणि नंतर ती रंगाची बाटली तोलायची. वहीच्या शेवटच्या पानावर, एका बादलीच्या हिशोबाने, हळूहळू एक कोश तयार झाला. जरा : चार ग्रॅम. जरासाच : दोन. नुसता वास दे : अर्धा. मास्तर चिडलेले असताना जरा : सहा.

तीन महिने संपायला दोन दिवस उरले आणि मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. नेमका शुक्रवारी गिऱ्हाईक असलेल्या एका इस्पितळाचा फोन आला. लहान मुलांच्या खोलीला गेल्या महिन्यात दिलेला हिरवा, आणखी बारा बादल्या, उद्या संध्याकाळपर्यंत. छटा जराही हलायला नको.

मालकीणबाईंनी मास्तरांना फोन लावला. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय कसं सांगू?" ते हताशपणे म्हणाले. "त्यांना नाही म्हणा."

कितीबाईने वही उघडली होती. अकरा तारखेचं पान. पिवळा, निळा, हिरवा, सगळ्यांची वजनं होती. एकाच ओळीत आकडा नव्हता : 'जरा काळा'. त्या वेळी ती मागच्या दारात उभी होती. शब्द ऐकला, बाटली तोलायची राहिली. तिने फोन मागून घेतला.

"मास्तर, अकरा तारखेला काळा टाकताना तुम्ही चिडलेले होतात का?"

"हे काय विचारणं झालं?"

"हो की नाही?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात, "त्या दिवशी घरात भांडून आलो होतो."

"मग सहा," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तिने कानटोप चढवला. पहिल्या बादलीतला ठिपका तिने जुन्या नमुन्याच्या पट्टीवर लावला आणि वाळेपर्यंत समोरून हलली नाही. ओला रंग खोटं बोलतो, हे मास्तरांनीच शिकवलेलं. ठिपका वाळत गेला. कड पुसट झाली, आणखी पुसट, आणि मग कड कुठे होती तेच सापडेना. तिचे दोन्ही हात खांद्यापाशी पाखरांसारखे फडफडू लागले. आनंद झाला की ते तसेच करायचे. एरवी ती ते खिशात कोंबायची, आज विसरली.

शनिवारी दुपारी, मोजून बारा बादल्या दारात उभ्या असताना, डॉक्टरांची मनाई मोडून मास्तर आले. काळा चष्मा, दंडाला धरून बायको. वही त्यांनी बायकोला वाचायला दिली.

"मास्तर चिडलेले असताना जरा, सहा ग्रॅम," तिने वाचलं. "घरी आठ असतो."

मास्तरांनी वही परत घेतली. वहीवरून अंगठा फिरवत राहिले, जणू स्वतःचाच हात चाचपून बघत होते.

मालकीणबाईंनी पत्र आणलं. कितीबाईने ते दोनदा वाचलं. "'लवकरच कायम करण्यात येईल.' लवकरच म्हणजे किती?"

"तारीख घाला, बाई," मास्तर म्हणाले. "नाहीतर ती तुम्हालाही तोलेल."

'लवकरच' खोडून मालकीणबाईंनी 'आजपासून' लिहिलं.

ती डबा घेऊन दारापाशी गेली. घड्याळाचा काटा दोनवर लावला. मागे वळली, एक क्षण थांबली.

"आलेच," ती म्हणाली, आणि गेली.