सहा कबड्डीवाल्या आणि एक ब्लॉक

पूनम आणि साक्षी नेटजवळ उडाल्या आणि हातात हात घालूनच खाली आल्या. नेट, नेटचा एक खांब आणि शिट्टी तोंडात धरलेली मी, असा सगळा ऐवज एकत्र मातीत पडला.

"अगं, सोड की तो हात," मी म्हणाले.

"हात सोडला की साखळी तुटती, मॅडम," पूनम म्हणाली. जणू खेळ मलाच कळत नव्हता.

मी कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. स्वतः व्हॉलीबॉल खेळलेली. पण आमच्याकडच्या पोरी कबड्डीशिवाय दुसऱ्या खेळाला खेळ म्हणत नाहीत. त्या वर्षी कबड्डीच्या टीममधली एक मुलगी फौजी वडिलांच्या बदलीबरोबर पंजाबात गेली. उरल्या सहा, कबड्डीला लागतात सात. बाकीच्या मुलींना घरचे सोडीनात. या सहाही जणी दहावीच्या, म्हणजे शाळेकडून खेळायचं हे शेवटचं वर्ष. तालुका जिंकला तर सांगलीला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायला मिळतं. ते यांना एकदाही मिळालं नव्हतं.

"सहा जणींचा कुठला खेळ हाय का, मॅडम?" हेडसरांनी विचारलं.

"व्हॉलीबॉल," मी इतक्या चटकन म्हणाले की सर दचकले. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सर्व्हिस, पास पोरी भराभर शिकल्या. घोडं अडलं ते ब्लॉकपाशी. समोरची मुलगी नेटजवळ उडून बॉल हाणते. तिला स्मॅशर म्हणू. ती हाणत असताना आपल्या दोघींनी उडून नेटच्या वर हातांची भिंत उभी करायची. बॉल भिंतीवर आपटून त्यांच्याच बाजूला पडला की पॉइंट आपला. हा ब्लॉक. यात उडी अवघड नाही, वेळ अवघड. स्मॅशर उडाल्यावर जरा थांबून उडायचं, आणि दोघींनी एकदमच.

कबड्डीत चढाई करणारीला पकडायला दोघी हात धरून साखळी करतात. ती सवय यांच्या हाडात मुरलेली. हवेत एकीनं दुसरीला ओढलं की दोघींची उडी वाया. मी रागावले. लांब लांब उभं केलं. हात गुंतलेले राहावेत म्हणून दोघींना एकेक रुमाल दिला, तर दोघींनी मिळून एकच रुमाल धरला.

शेवटी वैतागून कट्ट्यावर बसले आणि नुसती बघत राहिले. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. हात धरलेला असला की दोघी अगदी एकदम उडत होत्या. सोडायला लावला की एक आधी, एक मागनं.

"कवा उडायचं हे तुमाला कळतं कसं गं?" मी विचारलं.

"ही हात दाबती," साक्षी म्हणाली. "हिनं दाबला की मी जायचं. कबड्डीत तसंच असतंय."

मला हसू आवरेना. शिट्ट्या फुंकून फुंकून मी जे शिकवत होते, ते यांच्या तळहातात आयतं होतं. "मग धरा," मी म्हणाले. "दाबा. पण पाय सुटला की हातबी सुटला पायजे." चार दिवसांत भिंत उभी राहायला लागली.

तालुक्याच्या फायनलला समोरच्या टीमचे सर पंचांकडे गेले. "ह्या काय फुगडी घालाय आल्यात का?"

"बॉल खेळताना जोडीदाराचा आधार घ्यायचा न्हाई, एवढाच नियम हाय," पंच म्हणाले. "जमिनीवर धरू द्या की हात."

शेवटचा सेट. एक पॉइंट घेतला की सांगली. त्यांची उंच स्मॅशर धावत आली. पूनमनं हात दाबला, दोघी सुटल्या, भिंत उभी राहिली. बॉल आपटला आणि पलीकडं गेला. पण स्मॅशर आपल्याच जोरात नेटखालून आमच्या बाजूला आली. आमच्या अंगणात परका पाय बघितल्यावर काय व्हायचं तेच झालं. साक्षीनं घोटा धरला, पूनमनं कंबर, आणि मागून चौघी येऊन वर पडल्या. बघणारे ओरडले, "धर, धर!"

समोरच्या खेळाडूला धरणं हा फाउल. तो बॉल पडायच्या आधी झाला असेल, तर पॉइंट त्यांचा. पंच स्टँडवरून उतरले, लाइनवरच्या माणसाशी बोलले आणि आले.

"अख्खा पाय नेटखालच्या रेषेच्या अल्याड आला, तो पयला फाउल, त्यांचा," पंच म्हणाले. "मग बॉल पडला, त्योबी त्यांच्यातच. मिठी सगळ्यात शेवटी. मॅच ह्यांची."

ढिगाखालून आवाज आला, "मग आता तरी सोडा की गं."

मी मैदानभर नाचले. हेडसरांनी आनंदात मिठी मारायला हात पसरले, आणि भान येऊन तेच हात जोडून मला नमस्कार केला.

सांगलीत पहिल्याच मॅचला आमचा धुव्वा उडाला. पोरी मात्र भडंग खात, गाणी म्हणत, जग जिंकल्यासारख्या परत आल्या, आणि त्यांच्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. आता ब्लॉक शिकवायच्या पहिल्याच दिवशी मी सांगते, पलीकडचा पाय आपल्यात आला तर तो पंचांनी बघायचा. आपण धरायचा नाही.