बाटलीत उरलेलं पाणी

रेडिएशनच्या खोलीबाहेर एक आजोबा घोट घोट पाणी पीत बसले होते. शेजारी बसलेली त्यांची मुलगी त्यांना हळूच म्हणत होती, "बाबा, अजून थोडं." लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, भरलेली असली की आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला होतात आणि पुढचा त्रास कमी होतो. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मात्र तेवढी लघवी धरून ठेवणं अवघड जातं.

माझ्या वडिलांचं, अण्णांचंही, तेच ऑपरेशन झालं होतं; त्यांची बाटली अर्धी तशीच होती. मशीनवरच्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आजोबा, आजही पिशवी भरलेली नाही. पाणी पिऊन थांबा."

"एवढं साधं जमत नाही तुम्हाला?" मी खेकसलो. अण्णांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

मग मला सोमवार आठवला. घरी जाताना माझ्या गाडीची सीट ओली झाली होती आणि मी ती त्यांच्यासमोरच, तोंड वाकडं करून पुसली होती. किरणांचा त्रास परवडला, पण ते तोंड पुन्हा बघायला नको, असं त्यांनी मनाशी ठरवलं असणार.

मी बाटलीचं झाकण उघडून दिलं. "प्या अण्णा. सावकाश प्या."

त्यांनी बाटली घेतली, पण तोंडाला लावली नाही.

"जाताना रिक्षा करू या का?" त्यांनी विचारलं.