काळे टोमॅटो

शेजारच्या मालतीकाकूंनी यंदा हौसेने गच्चीवर काळ्या टोमॅटोचं बी लावलं होतं. सगळी थंडी त्यांनी रोपांना काठ्यांचा आधार दिला, पानांवरच्या अळ्या हाताने वेचल्या. पहिली फळं पिकली तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं आणि फोडींवर मीठ भुरभुरून ताटली पुढे केली. साल जाड, आत नुसतं पाणी. ना आंबट, ना गोड.

"रंग सुरेख आहे हो," मी म्हटलं.

काकू हसल्या. "रंगाची काय कोशिंबीर करायची? चवच नाही मेल्याला. फसलं हे."

इतक्या दिवसांच्या मेहनतीला इतक्या सहज फसलं म्हणता येतं? अशा वेळी आपण खोटं कौतुक तरी करतो, नाहीतर रागाने पाठ फिरवतो. काकूंनी झारी उचलली आणि त्याच रोपांना पाणी घालू लागल्या.

"आता कशाला घालताय?"

"अगं, चव नाही म्हणून तहानेलं ठेवायचं का त्याला?" असं म्हणून त्या पुढच्या कुंडीकडे वळल्या. मी खाली जायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिले.