खलघाटला उतरायचं

शिरपूरच्या सुंदरबाईला उज्जैनच्या यात्रेपेक्षा वाटेतल्या खलघाटची ओढ होती. नर्मदेकाठच्या त्या गावी तिची धाकटी बहीण भिकुबाई दिली होती. आई गेली, माहेर तुटलं, आणि दोघींची भेट वर्षानुवर्षं राहूनच गेली. खुशाली तेवढी पोस्टकार्डावर कळायची.

नवरा सुकदेव तिला यात्रा काढणाऱ्या एजंटकडे घेऊन गेला. जेवण, मुक्काम, दर्शन, सगळं तोच पाहणार होता. सुंदरबाईनं एवढंच विचारलं, "खलघाटला गाडी थांबेल का, भाऊ?"

"चहापुरती थांबवू, अक्का. जास्त नाही जमणार."

तिचे गुडघे दुखतात, एसटीत हाल होतील, म्हणून सुकदेवला एजंटच बरा वाटत होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चहापुरतं भेटीसन पुढे कशी जाऊ मी?"

खलघाटच्या वाटेवरच्या सेंधव्याच्या एसटीची चौकशी करायला सुकदेव स्टँडकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं खलघाटला पोहोचली. भिकुबाई ओट्यावर गहू निवडत होती. तिचे केस पार पांढरे झाले होते. सुंदरबाईचा हात घट्ट धरून तिनं पहिलं हेच विचारलं, "आते ऱ्हाशी ना वं?"

आता राहतेच, म्हणून सुंदरबाईनं मान डोलावली.